नानांच्या ताटातली तर्री

"मॅडम, काटा खोटा शे तुमचा."

नाना वजनकाट्यावर उभे होते. चपला काढलेल्या, मोबाईल आणि किल्ल्या माझ्या टेबलावर, एक हात भिंतीला टेकलेला. मी तो हात भिंतीवरून काढायला लावला. आकडा हलला आणि थांबला. मागच्या वेळेपेक्षा चारशे ग्रॅम जास्त. खरं तर सहा आठवड्यांत अडीच-तीन किलो उतरायला हवे होते.

मी स्वतः काट्यावर उभी राहून दाखवलं. माझा नेहमीचा नावडता आकडा दिसला. काटा खरा होता.

"बघितलं? आता डायरी दाखवा," मी म्हणाले.

नानांनी पिशवीतून डायरी काढली. वळणदार अक्षर, रोजची पानं भरलेली, वेळेसकट. सकाळी साडेसहा, चहा, बिनसाखरेचा. नऊ, पोहे, एक वाटी. दुपारी एक, व्हेज मटण एक प्लेट, भाकरी दीड. संध्याकाळी चार, फुटाणे मूठभर. रात्री मुगाची खिचडी. रोज हेच, थोडं इकडेतिकडे. माझ्या हिशेबाने या खाण्यावर माणूस बारीकच व्हायला हवा.

जळगावच्या एका हॉस्पिटलमध्ये मी सव्वीस वर्षं डाएटिशियन आहे. आहारतज्ज्ञ हा शब्द दारावरच्या पाटीवर आहे, पण आमच्याकडे मला ओळखतात ते 'जेवण बंद करणाऱ्या मॅडम' म्हणून. लोक माझ्याकडे स्वतःहून येत नाहीत, डॉक्टर पाठवतात म्हणून येतात. त्यामुळे खोटं बोलणारे पेशंट मला नवे नाहीत. शेवेची वाटी 'चिमूटभर शेव' होते, लग्नातलं पंगतीचं जेवण डायरीत येतच नाही. मी रागावते, ते हसतात, पुन्हा तेच करतात. नानांचं मात्र मला काही कळत नव्हतं.

नाना म्हणजे पारोळ्याचे. बत्तीस वर्षं लाल बसवर ड्रायव्हर. जळगाव-धुळे, धुळे-चोपडा, कधी पिंपळनेरची मुक्कामी गाडी. रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. दोन्ही गुडघे झिजलेले. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघे बदलू, पण तीन महिन्यांत सहा किलो कमी करा आणि साखर आटोक्यात आणा. भूल देताना एवढं वजन त्यांना नको होतं.

नानांना ऑपरेशन का हवं होतं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना बसमध्ये चढता येत नव्हतं. लाल बसची पहिली पायरी उंच असते. पारोळ्याच्या स्टँडवर कंडक्टर वरून हात धरून ओढायचा आणि कोणीतरी खालून कमरेला टेकू द्यायचा. मुलगी धुळ्याला दिलेली. पण दिवाळीपासून नाना तिच्याकडे गेले नव्हते. धुळ्याच्या डेपोत सगळे ओळखीचे. तिथे आपल्याला पोत्यासारखं उतरवताना ते बघणार, हे नानांना सहन होत नव्हतं.

"बाकी चालणं-फिरणं राहू द्या मॅडम," ते म्हणाले होते. "माले फक्त तीन पायऱ्या चढता आल्या पाहिजेत."

आता त्या व्हेज मटणाविषयी.

नानांच्या पत्नी माळकरी होत्या. नानांना मटण लागायचं आणि त्या ते वेगळ्या पातेल्यात, पदर नाकाला लावून शिजवून द्यायच्या. त्या गेल्या, दहाव्याला नानांनी मटण सोडलं. "जन्मभर तिले वास सहन करना पडना," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं. मटण सुटलं, पण जीभ तीच राहिली. घरी रांधणारं कोणी नाही. म्हणून रोज दुपारी नाना स्कूटीवरून गावाबाहेरच्या ढाब्यावर जायचे. ढाबा बापूचा. पाटीवर लिहिलेलं, 'व्हेज मटण'.

हा पदार्थ आता सगळीकडे मिळतो. सोयाबीनचं पीठ आणि मैदा एकत्र मळतात, काडीला गुंडाळून वाफवतात. त्याला सोया चाप म्हणतात. त्याचे तुकडे तळतात आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडतात. तुकड्याला मटणासारखे रेषे असतात. दिसायला आणि चावायला फसगत होते. खाणाऱ्याची दुसरी फसगत अशी की, मटण नाही म्हणजे हलकं. तसं काही नसतं. मैदा तुकड्यात, तेल तळताना, आणखी तेल रश्श्यात. कधीकधी साध्या मटणाच्या प्लेटपेक्षा ही प्लेट भारी पडते.

तरी मी नानांना ते बंद करायला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, मी तेवढी वाईट नाही. एकट्या माणसाचं दिवसातलं एक जेवण आवडीचं असलं तर बाकीचा आहार तो नीट पाळतो, हा माझा अनुभव. मी फक्त त्या प्लेटचा अंदाज घ्यायचं ठरवलं.

हॉटेलातल्या जेवणाच्या कॅलरी मोजायची माझी पद्धत घरगुती आहे. पार्सल आणायचं. तुकडे बाजूला काढून काट्यावर तोलायचे. एक तुकडा तोडून पाहायचा, आत मैदा किती चिकट, सोयाचा रेषा किती. रस्सा गरम करून लॅबमधल्या काचेच्या उभ्या मोजपात्रात ओतायचा आणि तासभर हात लावायचा नाही. तेल आपोआप वर येतं आणि बाहेरच्या रेघांवर किती मिलिलिटर ते दिसतं. एक मिलिलिटर तेल म्हणजे साधारण आठ-सव्वाआठ कॅलरी. बाकी गणित शाळकरी आहे.

धुळ्याहून एका शिबिरातून परत येताना मी बापूच्या ढाब्यावर उतरून पार्सल घेतलं होतं. ऑफिसात येऊन मोजलं. तेल निघालं पंधरा मिलिलिटर. एवढं कमी बघून मला आश्चर्य वाटलं आणि बापूबद्दल आदरही वाटला. त्या आकड्यावर मी नानांचा तक्ता बसवला. त्यांच्या गरजेपेक्षा रोज पाचशे कॅलरी कमी. या वेगाने तीन महिन्यांत सहा किलो जवळपास उतरतात.

त्या दिवशी पार्सल उघडल्यावर ऑफिसभर वास सुटला होता आणि मी मोजायचं सोडून पाच मिनिटं नुसती बसून राहिले होते. भाजलेलं सुकं खोबरं, निखाऱ्यावरचा कांदा, दगडफूल. आमच्या धुळ्याच्या घरी दर रविवारी हाच वास असायचा. आई घरात मटण शिजवू द्यायची नाही, म्हणून वडिलांसाठी, आबांसाठी, पातोडीचा रस्सा करायची. बेसन शिजवून थाळीत थापायचं, वर खसखस आणि खोबरं, सुरीने शंकरपाळ्यांसारखं कापायचं आणि मटणाच्याच मसाल्यातल्या रश्श्यात सोडायचं. आम्ही त्याला 'आपलं मटण' म्हणायचो. थाळीच्या कडेचे वाकडेतिकडे तुकडे आम्हा भावंडांचे. पातेलं चुलीवरून उतरलं की आई एकच दम द्यायची, "कोणी ढवळायचं नाही." आणि आबांची वाटी नेहमी आमच्यापेक्षा लालभडक दिसायची. व्हेज मटण हा शब्द तेव्हा कोणी ऐकलेला नव्हता, पण खानदेश ते कधीपासून खातोय.

हे सगळं मला आठवलं होतं. उपयोग काही झाला नाही.

तर नाना काट्यावरून उतरले, खुर्चीत बसले, आणि मी नको ते बोलले.

"नाना, डायरीत काहीतरी सुटतंय."

"काहीच सुटत नही."

"मधेअधे काही खाता का? कोणी आग्रह करतं? ढाब्यावर भजी वगैरे?"

"नही."

"मग प्लेट एकच असते का? की दुसरी घेता?"

नानांनी डायरी बंद केली.

"मॅडम, बत्तीस वरीस गाडी चालवली. लॉगशीट कधी खोटी लिखी नही. हाई डायरी कसाले खोटी लिखू? मी लिखेल शे ते बठ्ठं खरं शे."

मी म्हणाले, "आकडा वेगळं सांगतो नाना."

आज ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो. आकडा काहीच सांगत नव्हता, मीच सांगत होते. नाना गेल्यावर मी फाईलमध्ये एक ओळ लिहिली. 'आहाराची नोंद विश्वासार्ह नाही.' असं लिहायची आमच्याकडे रीत आहे. दिवसाला एखाद्या फाईलमध्ये ती ओळ पडतेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं.

"तुमचे ड्रायव्हर नाना खातायत बहुतेक."

"डायरीत तसं दिसत नाही."

"तुम्हीच लिहिलंय ना, डायरी खरी नाही म्हणून? मग मी त्यांना लिस्टमधून काढतो. वजन उतरलं की बघू."

"थोडं थांबू या का?"

"मॅडम, रांगेत सतरा जण आहेत. जो ऐकत नाही त्याच्यासाठी जागा कशी अडवू?"

त्यांचंही चूक नव्हतं. माझ्या एका ओळीवर त्यांनी निर्णय घेतला होता. नानांना फोन रिसेप्शनवरून गेला. नेमकं काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण आठवडाभराने त्यांच्या मुलीचा धुळ्याहून फोन आला.

"मॅडम, नानांनी डायरी लिहायची बंद केली. ढाब्यावर जाणंही सोडलंय. दूध आणि केळी खाऊन राहतात. विचारलं तर म्हणतात, मॅडमनी माले चोर ठरवलं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही रागावू नका," ती पुढे म्हणाली, "पण माझे वडील खोटं बोलत नाहीत. आई गेली त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंटला एकदम खरं सांगू नका. यांनी तिच्याजवळ बसून खरं सांगितलं. असा माणूस आहे."

फोन ठेवला आणि मी नानांना लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"नाना, शनिवारी मी पारोळ्याला येतेय. बापूकडे जेवायला. तुम्ही या."

नानांनी थेट विचारलं.

"तपासाले येतात का?"

"हो," मी म्हणाले. "पण तुम्हाला नाही. प्लेटला."

शनिवारी मी पर्समध्ये काचेची दोन मोजपात्रं, पंच्यात गुंडाळून, घेऊन निघाले. नवऱ्याने विचारलं, ढाब्यावर लोक डबा नेतात, तू हे काय नेतेस? मी पर्सची चेन लावली.

बापूचा ढाबा जुन्या रस्त्यावर आहे. चौपदरी महामार्ग झाल्यापासून गाड्या पुलावरून सुसाट निघून जातात. पूर्वी इथे ओळीने बसेस उभ्या असायच्या. मी कॉलेजला असताना धुळे-जळगाव गाडी इथे थांबायची, आम्ही मुली खिडकीतून भेळ घ्यायचो आणि आत बसून जेवणाऱ्या ड्रायव्हरवर चिडायचो, कारण त्यांचं जेवण कधी संपायचंच नाही. आता दिवसाला दोन-तीन गाड्या थांबतात. बाहेरच्या कडुनिंबाखालचा हौद तसाच आहे, नळ मात्र नवा बसवलाय.

नाना आधीच येऊन बसले होते. भट्टीजवळ, भिंतीला लागून एक टेबल, त्यावर कोणी न सांगता राखलेली जागा. स्टाफचं टेबल. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच बसायचे. नाना आठवड्यात सुकले होते. मला बघून उठायला लागले, गुडघ्याने नकार दिला, पुन्हा बसले.

"बसा नाना."

"या," एवढंच बोलले.

मी मुद्दामच समोरच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि व्हेज मटणाच्या दोन प्लेट सांगितल्या, एक मला, एक नानांना. बापू स्वतः भट्टीवर होता. साठीचा, अंगात बनियन, खांद्यावर पंचा. समोर मोठं पातेलं. वर तर्रीचा, म्हणजे तेलाचा, बोटभर लाल थर, हलकासा उकळणारा. मी बापूच्या हाताकडे बघत राहिले.

माझी प्लेट भरताना त्याने पळीने तो लाल थर बाजूला सारला, पळी खाली बुडवली आणि खालचा रस्सा काढला. मग नानांची प्लेट घेतली. तुकडे टाकले, थोडा रस्सा टाकला, आणि मग पळी आडवी धरून अलगद वरचा थर काढून ओतला. एकदा. थांबला, आणि पुन्हा एकदा.

"बापू," मी म्हणाले, "त्यांना वरचं आणि मला खालचं?"

बापू हसला. "मॅडम, ते डायवर शेतस. डायवरले वरलं, पेशिंजरले खाललं. बापजाद्यापासून शे हाई."

"आणि पार्सलला?"

"पार्सलले अजून खाललं. तर्री पिशवीतून गळस ना! गिऱ्हाइकना कपडा खराब होतस."

मी पर्स उघडली आणि मोजपात्रं बाहेर काढली. ढाब्यावरची चार माणसं माना वळवून बघायला लागली. बापूला वाटलं मी सरकारी माणूस आहे. त्याचा चेहरा उतरला. नानांनीच त्याला सांगितलं, "घाबरू नको. मॅडम आपल्या शेत."

आपल्या. एवढं झाल्यावर त्यांनी तो शब्द वापरला आणि माझे डोळे भरून आले. मी पंचा शोधायच्या निमित्ताने पर्समध्ये तोंड घातलं.

दोन्ही प्लेटमधला रस्सा दोन पात्रांत ओतला. तासभर थांबलो. नाना नुसती भाकरी आणि कांदा खात बसले, मला म्हणाले, "तुम्ही पण खा," आणि आम्ही दोघं त्या दोन काचांकडे बघत बसलो. थर सावकाश वर आला. माझ्या पात्रात वीस मिलिलिटर. नानांच्या पात्रात पंचाहत्तर.

मी पार्सलमध्ये मोजले होते पंधरा. नानांच्या ताटात पडत होते पंचाहत्तर. फरक साठ. साठ मिलिलिटर तेल म्हणजे जवळपास पाचशे कॅलरी. माझ्या कागदावर रोज पाचशे कमी होत होत्या आणि एकच्या सुमाराला बापू त्या प्रेमाने परत वाढत होता.

नानांच्या डायरीतलं प्रत्येक अक्षर खरं होतं. एक प्लेट म्हणजे एकच प्लेट. मी प्लेट मोजली आणि ती कोणाच्या पुढे येते हे विचारलंच नाही. आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पातेलं ढवळायचं नाही, हा आईचा दम मी लहानपणी शंभर वेळा ऐकलाय. तो कशासाठी, हे आबांच्या लालभडक वाटीत दर रविवारी दिसत होतं. सव्वीस वर्षं लोकांच्या ताटांत डोकावून मी माझ्याच घरचं पातेलं विसरले होते.

"नाना," मी म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही खरं लिहिलं होतं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. मला माफ करा."

नाना काचेवरच्या रेघा बोटाने मोजत होते. "म्हणजे गुन्हेगार बापू शे," ते म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

पण बापूला हसू आलं नाही. प्रकरण समजल्यावर तो पळी हातात घेऊन टेबलाजवळ आला.

"मॅडम, हाई भाजी मी नानांकरताच चालू कयी. वहिनी गयी, यांनी मटण सोडं. मी जळगावहून चाप आणाले लागनू. आते तुम्ही म्हणतस तर्री देऊ नको. मग काय पेशिंजरसारखं खाललं वाढू यांना? मना हातून नही होणार."

"थोडी कमी—"

"नही होणार."

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी खाली मान घातली होती. 'वरचं नको' म्हणणं म्हणजे बापूच्या हाताला नको म्हणणं, आणि स्वतःलाही पेशिंजर म्हणवून घेणं. रिटायर झाल्यापासून सहा वर्षं त्यांना ड्रायव्हर म्हणून वागवणारी जगात एकच जागा उरली होती, आणि मी नेमकं तिथेच बोट ठेवत होते. आहाराचा तक्ता करताना अशा गोष्टींचा रकाना नसतो. मनात म्हटलं, गेलं ऑपरेशन.

तेवढ्यात बाहेर ब्रेक लागल्याचा आवाज आला. नानांनी न बघता सांगितलं, "चोपडा-धुळे. लायनर घासतात."

लाल बस कडुनिंबाखाली उभी राहिली. पेशिंजर उतरले. शेवटी ड्रायव्हरच्या दारातून खाकी कपड्यातली एक बाई उतरली. तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली. हौदावर तोंड धुतलं, आत आली, स्टाफच्या टेबलाकडे एक नजर टाकली आणि माझ्या शेजारी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली.

"व्हेज मटण, दोन भाकरी," तिने सांगितलं.

बापूने प्लेट घेतली, तर्री बाजूला सारली, पळी खाली बुडवली. बाई बाकावर बसली म्हणून, की बाई म्हणून, कोण जाणे. बहुधा त्याच्या हाताने विचारच केला नव्हता.

"बापू, थांब," नाना म्हणाले.

बापू थांबला.

नानांनी टेबलाला हात लावला आणि उठले. वेळ लागला. एकदा मागे बसले, पुन्हा उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. भिंत धरून ते टेबलाच्या बाहेर आले आणि त्या बाईला म्हणाले, "पोरी, तिथे कसाले बसनी? इकडे ये. हाई जागा डायवरनी शे."

ती गोंधळली. "नाही आबा, तुम्ही बसा ना."

"मी बसनू बत्तीस वरीस. ये."

ती उठून तिथे बसली. नाना माझ्या बाकावर येऊन बसले, गिऱ्हाइकांच्या. आणि भट्टीकडे बघून म्हणाले, "बापू, आते गाडी मना हातमा नही शे. गाडी तिनी शे. वरलं तिले वाढ. माले खाललं दे."

बापूने पंच्याने तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिला. मग पळी आडवी धरून त्याने त्या पोरीच्या प्लेटमध्ये तर्री सोडली. दोनदा. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं; ती भुकेली होती, भाकरी मोडून जेवायला लागली.

मला एक रविवार आठवला. माझी नोकरी लागून आठवडा झाला होता. मी जळगावहून धुळ्याला घरी गेले होते. आईने पातेलं उतरवलं, पळी आडवी धरली आणि पहिली तर्री माझ्या वाटीत घातली. मी आबांकडे पाहिलं. आबांनी आपली फिकट वाटी पुढे ओढली, भाकरी कुस्करली आणि म्हणाले, "खा, गार होईल." मला तेव्हा फक्त चव कळली होती. आई-आबा दोघंही आता नाहीत. ते पातेलं माझ्याकडे आहे, फार वापरलं जात नाही.

त्या ड्रायव्हर पोरीच्या कॅलरीचा हिशेब मी केला नाही. दिवसभर क्लच दाबणाऱ्या माणसाला परवडतं.

सोमवारी मी नानांची फाईल मागवली. माझ्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'आहाराची नोंद पूर्ण विश्वासार्ह. मोजण्यातली चूक डाएटिशियनची,' आणि सही केली.

डॉक्टरांनी ती वाचली. "मॅडम, फाईलमध्ये खाडाखोड करत जाऊ नका."

"खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. त्यांना परत लिस्टमध्ये घ्या."

"वजन?"

"उतरेल."

"गॅरंटी?"

"साठ मिलिलिटर," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही, पण नाव लिहिलं.

वजन उतरलं. तीन महिने लागले आणि वर थोडे दिवस. नाना रोज बापूकडेच जेवले, गिऱ्हाइकांच्या बाकावर, खालचं. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं एकामागून एक झाली. व्यायामाला फार कटकट केली, फिजिओथेरपीच्या मुलीला गिअर बदलायला शिकवलं आणि काठीवर घरी गेले.

मग एका सकाळी फोन आला. मागे इंजिनाचा आवाज होता.

"मॅडम, चढनू."

"कुठे?"

"गाडीत. तिन्ही पायऱ्या. कोणी हात नही लावा. आते धुळ्याले पोरीकडे जाई ऱ्हायनू." आणि मग आवाज थोडा हळू करून, "डेपोत उतरताना बघतील बठ्ठा."

मी डायरीचा छापील नमुना आता बदललाय. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, यापुढे एक रकाना वाढवला आहे. 'वाढलं कोणी?' पेशंट हसतात, डॉक्टरही हसतात. पण तो रकाना भरला की बरीचशी गणितं सुटतात.

गेल्या महिन्यात धुळ्याहून येताना बापूकडे उतरले. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, व्हेज मटण सांगितलं. बापूने पळी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि ती आडवी धरली. एकदा. थांबला, आणि पुन्हा एकदा.

मी नको म्हणाले नाही. घरी येऊन माझ्या स्वतःच्या डायरीत लिहिलं: दुपारी दीड. व्हेज मटण, एक प्लेट. वाढलं कोणी, बापूने. वरलं.